दक्षिण आफ्रिकेतले स्थलांतरित, जमावाचा न्याय आणि गल्लीतली सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिका एवढी मोठी, मग इथे दक्षिण आफ्रिकाच का?

कारण तिन्ही धागे तिथे एकाच गल्लीत सापडतात: बाहेरून आलेले लोक, कायदा हातात घेणाऱ्या संघटना आणि त्यावर पोळी भाजून घेणारं राजकारण. शिवाय या देशावर तीस वर्षांत इतकं काम झालं आहे की एकाच घटनेकडे मानववंशशास्त्रज्ञ, गुन्हेशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ कसे वेगवेगळे बघतात, हे शेजारी-शेजारी ठेवून तपासता येतं. टांझानिया, नायजेरिया आणि घानाचा विषय पुढे येतोच.

‘व्हिजिलांटिझम’ म्हणजे झुंडबळीच ना?

नाही. व्हिजिलांटिझम म्हणजे नागरिकांनी ठरवून कायदा हातात घेणं. झुंडबळी हा त्याच्या जवळचा प्रकार, पण बऱ्याचदा व्याख्येत न बसणारा. ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ लेस जॉन्स्टन यांनी १९९६ मध्ये सहा खुणा मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. थोडं तरी नियोजन असतं. भाग घेणारे खाजगी नागरिक असतात आणि स्वेच्छेने आलेले असतात. सरकारचा अधिकार किंवा पाठबळ त्यांच्यामागे नसतं. बळाचा वापर किंवा किमान धमकी असते. गुन्हा किंवा रूढ व्यवस्थेचा भंग झाला, या समजुतीतून ते उभे राहतात. आणि आपल्या व इतरांच्या सुरक्षिततेची हमी देतो, असा त्यांचा दावा असतो.

प्रत्यक्षात कागद घेऊन बसलात की तिसरी खूण लगेच डळमळते. गस्तीवर निघालेल्या टोळीत सुट्टीवरचा पोलीस असतो, नगरसेवकाचा माणूस असतो, पोलीस ठाण्याने मान्यता दिलेल्या समितीचा सदस्य असतो. ‘सरकार विरुद्ध जमाव’ अशी स्वच्छ रेघ मारणारा अभ्यास म्हणूनच पहिल्या मुलाखतीतच अडकतो.

तिथे परदेशातून आलेले लोक नेमके किती आहेत?

२०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ६.२ कोटी आणि परदेशात जन्मलेले सुमारे २४ लाख, म्हणजे चार टक्क्यांच्या आतबाहेर. त्यांत झिंबाब्वेचे ४५ टक्क्यांहून थोडे जास्त, त्याखालोखाल मोझांबिक आणि लेसोथो. आता यातली मेख: नंतरच्या पडताळणीत या जनगणनेतून ३१ टक्के लोक सुटल्याचं दिसलं. प्रसिद्ध आकडे त्यानुसार सुधारून दिले आहेत, पण ज्यांच्याकडे कागद नाहीत ते प्रगणकाला दार उघडत नाहीत, हे कुठल्याही सुधारणेने पूर्ण भरून निघत नाही.

भाषणांतून एक ते दीड कोटीचे आकडे फिरतात. त्यांना कुठल्याही मोजणीचा आधार नाही. २४ लाख हा आकडा कमी असेल हे मान्य केलं, तरी तो पाच पट कमी आहे असं म्हणायला पुरावा लागेल.

हे लोक वर्णभेद संपल्यावरच आले का?

अजिबात नाही. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी मोठ्या प्रमाणावर मोझांबिक, लेसोथो आणि मलावीच्या मजुरांवर चालल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खाणमालकांची स्वतःची भरती यंत्रणा होती. ती माणसं करारावर आणायची, पुरुषांच्या होस्टेलमध्ये ठेवायची आणि करार संपला की परत पाठवायची. बायकामुलांना आणायची मुभा नव्हती. स्वतःच्या देशातल्या काळ्या नागरिकांनाही शहरात राहायला ‘पास’ लागायचा आणि पासचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. शहरात कोण राहू शकतो हे कागद तपासून ठरवायची सवय तिथे फार जुनी आहे.

१९९४ नंतर, म्हणजे वर्णभेदाची राजवट संपल्यावर, बदललं ते वेगळंच. खाणीतली भरती घटली, लोक स्वतःच्या जबाबदारीवर येऊ लागले आणि खाणीच्या आवाराऐवजी वस्तीत, टपरीत, भाड्याच्या खोलीत राहू लागले. १९९८ चा निर्वासित कायदा उदार आहे: छावणी नाही, अर्ज प्रलंबित असतानाही काम करता येतं. पण अर्जदाराला मिळणारा ‘कलम २२’चा कागद ठरावीक मुदतीचा. नूतनीकरण लांबलं की काल कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा. झिंबाब्वेच्या सुमारे १ लाख ७८ हजार लोकांना दिलेला खास परवाना २०२१ पासून ‘बंद करतो’ म्हणत पुन्हा पुन्हा वाढवला गेला. ताजी मुदत २८ मे २०२७ ची आहे.

मे २००८ मध्ये काय झालं होतं?

११ मे रोजी जोहान्सबर्गच्या आलेक्झांड्रा वस्तीत हल्ले सुरू झाले आणि दोन आठवड्यांत डर्बन, केप टाउनपर्यंत पोचले. ६२ माणसं मारली गेली, एक लाखाहून जास्त लोकांनी घरं सोडली, सरकारला सैन्य उतरवावं लागलं.

त्या ६२ पैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. हल्लेखोर रस्त्यात अडवून कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात ते विचारायचे. उत्तर अडखळलं की मार. त्सोंगा आणि व्हेंडा भाषिक नागरिक यात सापडले, कारण त्यांच्या भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलल्या जातात. ‘परदेशी’ हा वर्ग पासपोर्टाने ठरत नव्हता, रस्त्यावर उभा असलेला ठरवत होता. या विषयावरचा कुठलाही लेख वाचताना २१ चा हा आकडा येतो का ते पाहा. येत नसेल, तर लेखकाने फक्त मथळे वाचले आहेत.

बेकारी आणि गरिबी हेच कारण नाही का?

पार्श्वभूमी म्हणून आहे, कारण म्हणून अपुरं. तितक्याच गरीब, तितक्याच बेकार आणि तितकेच परदेशी असलेल्या शेजारच्या वस्तीत काहीच घडलं नाही, असं पुन्हा पुन्हा दिसतं. गरिबी दोन्हीकडे सारखी असेल, तर तिने फरक समजत नाही.

जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या आफ्रिकन सेंटर फॉर मायग्रेशन अँड सोसायटीचे ज्याँ पिएर मिसागो यांनी २००८ नंतर हल्ला झालेल्या आणि न झालेल्या वस्त्या जोडीने तपासल्या. फरक सापडला तो स्थानिक नेतृत्वात. जिथे अधिकृत नेतृत्वाची पकड सुटली होती आणि कोणी दुसराच गट वस्तीचा कारभार बळकावायला बघत होता, तिथे हल्ले झाले. जिथे लोकांचा विश्वास असलेली समिती होती आणि तिने ठाम नाही म्हटलं, तिथे वस्ती शांत राहिली.

याचा धागा पैशापर्यंत जातो. बाहेरच्याला हुसकावलं की खोली रिकामी होते, दुकानाचा गाळा मोकळा होतो, माल लुटला जातो. जो गट हे घडवून आणतो, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात लोक भांडण सोडवायला, खोली मिळवायला, ‘संरक्षण’ मागायला येतात. रागाने पेटलेले लोक हजारो असतात. सभा कोणी बोलावली, भोंगा कोणी आणला, गाडीत डिझेल कोणी भरलं, ही उत्तरं मात्र तीन-चार नावांपाशी येऊन थांबतात.

लोकशाही आली, राज्यघटना आली, तरी लोक कायदा हातात का घेतात?

राज्यशास्त्रज्ञ निकोलस रश स्मिथ यांचं उत्तर अनेकांना खटकतं, पण ते नीट ऐकण्यासारखं आहे: काही अंशी राज्यघटनेतल्या हक्कांमुळेच. घटनेच्या कलम ३५ नुसार अटक झालेल्याला ४८ तासांत न्यायालयापुढे न्यावं लागतं, आणि न्यायाच्या हिताला बाध येत नसेल तर त्याला जामिनावर सोडावं लागतं. वस्तीतून हे असं दिसतं: सोमवारी ज्याला सगळ्यांनी मिळून पकडून दिलं, तो बुधवारी त्याच नळावर पाणी भरायला उभा. लोकांचा निष्कर्ष सरळ असतो, पोलिसांनी पैसे खाल्ले. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे समजावून सांगणारं तिथे कोणी नसतं. आणि तक्रार देणाऱ्या बाईला त्या रात्री त्याच गल्लीत झोपायचं असतं.

याच्या जोडीला जुनी शिकवण आहे. वर्णभेदाच्या काळात पोलीस हा शत्रू होता, म्हणून गल्ली समित्या आणि ‘लोकन्यायालयं’ उभी राहिली. १९८० च्या दशकाच्या मध्यात खबऱ्यांच्या गळ्यात पेट्रोलने भिजवलेला टायर घालून जाळण्याचे प्रकार झाले. नवं सरकार आल्यावर या समित्यांना कोणी ‘आता घरी जा’ म्हणून सांगितलं नाही. काही पोलिसांच्या सल्लागार मंचात गेल्या, काही तशाच राहिल्या.

पोलीस पुरेसे नाहीत, एवढंच का?

पुरेसे नाहीत, पण त्याहून मोठा प्रश्न ते कुठे आहेत हा. केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीत जमावाने माणसं मारण्याच्या घटना वाढल्यावर प्रांतिक सरकारने २०१२ मध्ये चौकशी आयोग नेमला. पोलिसांनी तो थांबवायला थेट देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि हरले. माजी न्यायमूर्ती केट ओ’रेगन आणि देशाचे माजी मुख्य सरकारी वकील व्हुसी पिकोली यांचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये आला. त्यातला सर्वात बोचरा भाग मनुष्यबळाच्या वाटपाचा: गरीब आणि काळ्या वस्त्यांतल्या, सर्वाधिक खून होणाऱ्या ठाण्यांना लोकसंख्येच्या मानाने सर्वात कमी पोलीस मिळत होते. पत्र्याच्या घरांच्या दाट वस्तीत गाडी जात नाही, रात्री दिवा नसतो, घरांना क्रमांक नसतात. फोन केला तरी ‘कुठे यायचं’ हेच सांगता येत नाही.

मापोगो आणि पगाड कोण होते?

दोन्ही १९९६ च्या संघटना, दोन्ही परदेशी लोकांच्या विरोधात नव्हेत, आणि म्हणूनच महत्त्वाच्या.

मापोगो आ मथामागा ही उत्तरेकडच्या आजच्या लिंपोपो प्रांतात दुकानदार जॉन मागोलेगो यांनी सुरू केली. वर्गणी भरा, दारावर आमचं चिन्ह लावा, चोरी झाली तर आम्ही बघतो. ‘बघतो’ म्हणजे संशयिताला पकडून चामड्याच्या चाबकाने, ज्याला तिथे शाम्बोक म्हणतात, फोडून काढणं. काळे दुकानदार आणि गोरे शेतमालक दोघेही सभासद झाले. वर्णभेदानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत या दोन वर्गांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या.

पगाड केप टाउनच्या मुस्लिम वस्त्यांतून टोळ्या आणि अमली पदार्थांच्या विरोधात उभी राहिली. ४ ऑगस्ट १९९६ रोजी सॉल्ट रिव्हर भागात तिच्या जमावाने टोळीप्रमुख रशाद स्टॅगी याला गोळ्या घालून जाळलं, तेही कॅमेऱ्यांसमोर आणि पोलिसांच्या देखत. पहिली संघटना धंद्यात उतरून सुरक्षा कंपनीसारखी झाली. दुसरी सरकारशी भिडली आणि दहशतवादाच्या आरोपांखाली मोडून काढली गेली. सुरुवात सारखी असली तरी शेवट कसा होईल, हे सरकारशी जमतं की नाही यावर ठरतं.

ऑपरेशन डुडुला हे आंदोलन आहे, पक्ष आहे की टोळी?

तिन्ही, वेगवेगळ्या वेळी. १६ जून २०२१ रोजी, म्हणजे १९७६ च्या विद्यार्थी उठावाच्या स्मृतिदिनी, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत परदेशी लोकांविरुद्धच्या या मोहिमेची सुरुवात झाली. तारीख मुद्दाम निवडलेली. पुढे मोर्चे, दुकानं बंद करायला लावणं, घरोघरी कागद तपासणं, आणि २०२३ मध्ये राजकीय पक्ष. २०२५ मध्ये सरकारी दवाखान्यांच्या फाटकावर उभं राहून रुग्णांकडे ओळखपत्र मागणं हा मुख्य कार्यक्रम झाला. डर्बनमधून निघालेली ‘मार्च अँड मार्च’ ही संघटनाही तेच करू लागली.

फाटकावर नेमकं काय होतं? तिथल्या ओळखपत्रावर १३ आकडी क्रमांक असतो. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, पुढचे चार स्त्री-पुरुष भेदाचे, आणि अकरावा आकडा शून्य असेल तर नागरिक, एक असेल तर कायमचा रहिवासी. वर्णभेदाच्या काळात याच क्रमांकात वंशाचाही आकडा असायचा. म्हणजे कार्ड हातात घेणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. आणि कार्ड घरी विसरलेली गरोदर नागरिक स्त्रीही परत पाठवली जाते.

कायदा इथे स्पष्ट आहे. घटनेचं कलम २७ आरोग्यसेवेचा हक्क ‘प्रत्येकाला’ देतं, फक्त नागरिकांना नाही, आणि तातडीचे उपचार कोणालाही नाकारता येत नाहीत. कागद तपासायचा अधिकार स्थलांतर अधिकारी आणि पोलिसांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने डुडुलाला नेमकं हेच बजावलं आणि कागद मागण्यास, दवाखाने व शाळांची वाट अडवण्यास मनाई केली. पण फाटकावरच्या माणसाला तिथे उभं राहायचं बळ कुठून येतं तेही बघा. २०२२ मध्ये लिंपोपो प्रांताच्या आरोग्यमंत्री फोफी रामाथुबा यांनी खाटेवरच्या झिंबाब्वेच्या रुग्णाला ‘तुम्ही आमची यंत्रणा संपवता आहात’ अशा अर्थाचं सुनावलं, ते चित्रफितीत देशभर पाहिलं गेलं. २०२४ मध्ये त्या प्रांताच्या मुख्यमंत्री झाल्या.

स्पाझा दुकानंच का लक्ष्य होतात?

स्पाझा म्हणजे घराच्या पडवीत किंवा कंटेनरमध्ये चालणारं किराणा दुकान. सोमाली, इथिओपियन आणि बांगलादेशी दुकानदार एकत्र घाऊक खरेदी करतात, पहाटे उघडतात, रात्री उशिरा बंद करतात आणि साखर, तेल अगदी थोड्या मापात विकतात. गिऱ्हाईक खूश, शेजारचा स्थानिक दुकानदार नाराज, आणि परदेशी दुकानदाराला गाळा भाड्याने देणारा घरमालक पुन्हा स्थानिकच. मोर्चात पुढे कोण आणि भाडं कोण घेतं, हे दोन्ही लिहून घेतलं की कोडं अर्धं सुटतं.

२०२४ चं विषबाधा प्रकरण याचं चांगलं उदाहरण. ऑक्टोबरमध्ये सोवेटोच्या नालेदी भागात सहा मुलं दगावली. तपासात टर्ब्युफॉस सापडलं, शेतीत वापरायचं जहाल कीटकनाशक. लगेच बोट परदेशी दुकानदारांकडे गेलं. पण हे औषध वस्तीत येतं कशाला? कचरा महिनोन्‌महिने उचलला जात नाही, उंदीर माजतात, साधं औषध लागू पडत नाही, म्हणून शेतीचं विष पुड्या बांधून रस्त्यावर विकलं जातं. घरात, दुकानात, गोदामात, सगळीकडे तेच. राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांनी १५ नोव्हेंबरला मुलांना मुद्दाम विष दिल्याचा पुरावा नसल्याचं सांगितलं आणि त्याच भाषणात सर्व स्पाझांना २१ दिवसांत नोंदणीचा हुकूम दिला. पुढे मुदत वाढवावी लागली. लोकांनी भाषणातला दुसरा भागच उचलला: नगरपालिकेने कचरा उचलायचा होता, ते मागे पडलं आणि दुकानदाराचे कागद पुढे आले.

आफ्रिकेत सगळीकडे हे असंच हिंसक आहे का?

नाही. टांझानियातलं सुंगुसुंगु पाहा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिन्यांगा आणि टबोरा भागांत सुकुमा आणि न्यामवेझी शेतकऱ्यांनी गुरेचोरांविरुद्ध ते उभं केलं. १९७८-७९ च्या युगांडा युद्धानंतर बंदुका आणि घरी परतलेले सैनिक यांमुळे लूटमार वाढली होती. आपल्याकडच्या ग्रामसुरक्षा दलासारखीच रचना: रात्रीची गस्त, शिट्टी, धनुष्यबाण, प्रत्येक घरातून एक माणूस. शिक्षा मुख्यतः दंड आणि वाळीत टाकणं. शिट्टी ऐकून न येणाऱ्यालाही दंड. सत्ताधारी पक्षाने त्यांना आपलं म्हटलं आणि १९८९ मध्ये कायद्यात जागा दिली. केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ रे अब्राहम्स यांचं यावरचं काम मूलभूत मानलं जातं. मात्र गोड चित्र रंगवू नका: चेटूक केल्याच्या संशयावरून बायकांना छळण्याचे प्रकारही याच दलांकडून झाले.

नायजेरियात उलट टोक. आबा शहरातल्या व्यापाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी खंडणीखोरांविरुद्ध बकासी बॉइज उभे केले. राज्यपालांनी त्यांना पैसा आणि गाड्या दिल्या, अनांब्रा राज्याने २००० मध्ये कायदाच केला. भरचौकात मुंडकी उडवली जाऊ लागली आणि निवडणुकीतले विरोधकही यादीत येऊ लागले. २००२ मध्ये केंद्रीय पोलिसांनी ते मोडलं.

परदेशी लोकांना हाकलणं ही दक्षिण आफ्रिकेचीच खोड आहे का?

मुळीच नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये घानाने कागद नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत निघून जायला सांगितलं. सर्वाधिक फटका नायजेरियनांना बसला. हुकूम देणारे पंतप्रधान कोफी बुसिया स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकलेले समाजशास्त्रज्ञ होते, हे अभ्यासकांनी विसरू नये. १९८३ मध्ये नायजेरियाने परतफेड केली आणि लाखो घानावासी बाहेर पडले. ज्या चौकडीच्या स्वस्त पिशव्यांत त्यांनी सामान भरलं, त्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवस दिले. त्यांत गोव्याची अनेक कुटुंबं होती, सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारी.

१९९९ मध्ये तर झांबियाच्या न्यायालयाने देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनाच नागरिक नाही ठरवलं, कारण आईवडील मलावीचे. निकाल पुढे फिरवला गेला. वसाहतकाळात रेघा ओढून झालेल्या देशांत विरोधकाला बाद करायचं हे सर्वात स्वस्त हत्यार आहे.

आकडे कुठून घ्यायचे आणि त्यात काय चुकतं?

परदेशी लोकांवरच्या हल्ल्यांसाठी विटवॉटर्सरँड विद्यापीठाचं झेनोवॉच. ते २०१६ पासून चालतं आणि कार्यकर्ते, बातम्या व थेट तक्रारींतून घटना नोंदवतं. जिथे संघटना सक्रिय, तिथे नोंदी जास्त, म्हणून दोन प्रांतांची तुलना जपून करा. लोकांची मतं कळण्यासाठी आफ्रोबॅरोमीटर हे आफ्रिकाभरचं सर्वेक्षण आणि ह्यूमन सायन्सेस रिसर्च कौन्सिलचं वार्षिक सर्वेक्षण. ‘परदेशी नकोत’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी आणि हल्ले यांचा थेट संबंध जुळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

पोलिसांची आकडेवारी तिमाही येते. त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, जनगणनेशी जोडताना इथेच चूक होते. २०२३-२४ मध्ये खून २७ हजारांहून जास्त. ‘जमावाचा न्याय’ हा वेगळा गुन्हा नाही. तो खुनामागच्या कारणांच्या रकान्यात येतो आणि तो रकाना सगळ्या खुनांसाठी भरलेला नसतो. त्यामुळे वर्षागणिक वाढ-घट सांगण्याआधी किती प्रकरणांत कारण नोंदलं आहे ते बघा.

वस्तीत प्रत्यक्ष काम कसं करतात?

आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, तीही बहुधा दोन ठिकाणची: तुमच्या आणि यजमान विद्यापीठाची. मग वस्तीत शिरताना कोणाबरोबर शिरता हे ठरवा. नगरसेवकाच्या गाडीतून उतरलात की पुढचे सहा महिने तुम्ही त्याचे. दोन-तीन वेगवेगळ्या दारांनी या: चर्च, दवाखाना, घरमालकिणींचा भिशी गट, ज्याला तिथे स्टॉकवेल म्हणतात.

संमतीपत्रावर सही घेऊ नका. कागद नसलेल्या माणसाला स्वतःचं नाव लिहिलेला कागद म्हणजे धोका. तोंडी संमती घ्या आणि तारीख व सांकेतिक क्रमांक नोंदवा. प्रश्न ‘तुम्हाला परदेशी आवडतात का’ असा नको. घटनेच्या आधीचे तीन दिवस तासातासाने विचारा: निरोप कसा आला, सभा कुठे झाली, बोललं कोण, गप्प कोण होतं. एकच दिवस पाच जणांकडून ऐकल्यावर कुठे जुळत नाही ते कळतं, आणि जिथे जुळत नाही तिथेच खोदायचं.

दुभाषा निवडताना भाषा येणं पुरेसं नाही. होस्टेलमधला झुलू तरुण बरोबर असेल तर सोमाली दुकानदार ‘सगळं छान आहे’ म्हणेल. मुलाखतीचे पैसे देऊ नका. थोडा मोबाइल रिचार्ज किंवा जेवण ठीक. मोठी रक्कम दिली की आठवड्याभरात पीडितांची रांग लागते. आणि हल्ला न झालेली किमान एक वस्ती आराखड्यात हवीच. ती नसेल तर तुमचं सगळं स्पष्टीकरण हवेत.

हल्लेखोरांशी बोललो तर कायद्याने अडकू शकतो का?

हो. वकील-अशिलासारखं संरक्षण संशोधकाला नाही. तिथल्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम २०५ खाली दंडाधिकारी तुम्हाला बोलावून माहिती द्यायला लावू शकतात. म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगा की स्वतः केलेल्या गुन्ह्याचा तपशील, नावं, तारखा मला सांगू नका. ध्वनिमुद्रण कूटबद्ध ठेवा, टिपण झालं की पुसा, नावांची किल्ली दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फोनमधल्या फोटोत जागेचा पत्ता आपोआप बसतो, तो पर्याय बंद करा. लिहिताना माणसाचंच नव्हे, गल्लीचंही नाव बदला. ‘त्या गल्लीतलं एकमेव इथिओपियन दुकान’ असं लिहिलंत तर टोपणनाव फुकट.

महाराष्ट्राशी तुलना करता येईल का?

करता येईल, पण जोड कुठे लागते ते पाहून. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं. ही अफवेवर उसळलेली झुंड. मागे संघटना नाही, वर्गणी नाही, पुढे कोणाची सत्ताही आली नाही. मापोगो किंवा डुडुलाशी ती जुळत नाही. पण परगावच्या भटक्या माणसाला ‘परका’ ठरवायची पद्धत आणि कोपराची ती चाचणी शेजारी ठेवता येतात. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरात न्यायालयाच्या आवारात कस्तुरबा नगरातल्या बायकांच्या जमावाने गुंड अक्कू यादवला मारलं, ते खायेलित्शाच्या जवळ जातं: वर्षानुवर्षांच्या तक्रारी, पोलिसांवरचा अविश्वास, आणि तो जामिनावर सुटणार ही भीती.

स्थलांतराच्या बाजूने २००८ हेच वर्ष मुंबईतही उत्तर भारतीयांवरच्या हल्ल्यांचं होतं. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता, पक्ष उघडपणे पुढे होता. म्हणून कारणं जशीच्या तशी उचलू नका. प्रश्न तेवढे उचला: मोकळा झालेला गाळा कोणाकडे गेला, आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवारी कोणाला मिळाली.

मराठी विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे, तिथलं ग्रंथालय आधी बघा. खायेलित्शा आयोगाचा अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. पूर्ण वाचायला नको, साक्षींचा भाग आणि मनुष्यबळ वाटपाचा भाग वाचा. झेनोवॉचमधून एक प्रांत आणि दोन वर्षं घेऊन घटनांची तक्ता-यादी स्वतः करा: तारीख, वस्ती, आधी सभा झाली का, लूट झाली का, पोलीस किती तासांनी आले. चाळीसएक नोंदी झाल्या की तुमचा प्रश्न आपोआप धारदार होतो. झुलू किंवा सोथो शिकायला किमान एक वर्ष धरा. इंग्रजीत मुलाखती होतात, पण सभेत इंग्रजी बोलत नाहीत.